दुहेरी खेळणार नाही म्हणे!

सोहम,

आंतरजिल्हा सांघिक बॅडमिंटन स्पर्धेत ‘मी फक्त एकेरी खेळेन’ असं तू मॅनेजरसरांना तोंडावर सांगितलंस, हे आत्याच्या कानावर आलंय. सुमाकाकू तिखटमीठ लावते, ठाऊक आहे. पण दादानेही नाही म्हटलं नाही, म्हणजे खरं असणार.

ज्या थॉमस कपचं चित्र तुझ्या कपाटावर आहे, तो देणारे सर जॉर्ज थॉमस कोण होते, कधी पाहिलंस? बुद्धिबळाचे दोनदा ब्रिटिश विजेते, आणि ऑल इंग्लंड बॅडमिंटनची 21 विजेतेपदं. त्यात एकेरीची फक्त 4, तीही अडतिशी गाठल्यावर. बाकी 17 दुहेरी नि मिश्र दुहेरीची! या गृहस्थांनी 1939 मध्ये देशांच्या संघांसाठी करंडक देऊ केला. मध्येच महायुद्ध आलं आणि पहिली स्पर्धा व्हायला 1948-49 उजाडलं.

दहा संघ उतरले. एका लढतीत नऊ सामने : पाच एकेरी, चार दुहेरी. अमेरिकेकडे डेव्ह फ्रीमन होता. 1939 पासून एकेरीत त्याला कुणी हरवलं नव्हतं. पुढे चारदा ऑल इंग्लंड जिंकणारा मलायाचा वाँग पेंग सूनही त्याच्यापुढे टिकला नाही. तरी लढत मलायानेच घेतली, 6-3. एकटा फ्रीमन किती सामने ओढणार? मग प्रेस्टनच्या अंतिम लढतीत मलायाने डेन्मार्कला 8-1 असं धुतलं. त्याच वर्षी ऑल इंग्लंडच्या एकेरीत फ्रीमनने ऊई टेक हॉकला अंतिम सामन्यात हरवलं, आणि त्याच ऊईने तेओ सेंग खूनबरोबर दुहेरी जिंकली. एकेरी गेली म्हणून तो रुसून बसला नाही. तू मात्र हरण्याआधीच रुसलास.

पुढच्या खेपेला, 1952 मध्ये, आपला भारताचा संघ अमेरिकेशी 4-5 असा हरला. एका सामन्याने! तो एकेरीचा की दुहेरीचा, असं कोण विचारतं?

आणि आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर? राष्ट्रीय विजेतेपदं 17 : एकेरीची 6, दुहेरीची 6, मिश्रची 5. थॉमस कपमध्ये ते दोन्ही प्रकार खेळले. दुहेरीने त्यांचा हात बिघडला नाही, तुझा कसा बिघडेल?

आत्यावर कॉलेजच्या संघातून बाहेरगावी खेळायला जायची वेळ आली, तेव्हा आबांनी तिला सोडलं नाही. आत्याही फारशी भांडली नाही. संघातल्या मुली परतल्यावर महिनाभर एकमेकींची थट्टा करत होत्या, आत्या नुसती ऐकत होती. तुला तर सगळे जा म्हणताहेत रे.

फार बोलले का? तुझा स्मॅश पाहून आत्या शेजाऱ्यांना ऐकवत असते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मे 2022 मध्ये बँकॉकला भारताने थॉमस कप जिंकला, त्या अंतिम लढतीत सात्विक आणि आपल्या मुंबईच्या चिरागने दुसऱ्या गेममध्ये मॅच पॉइंट वाचवून दुहेरी काढली, तेव्हा तू आत्याच्या गळ्यात पडून ओरडला होतास. दुहेरीच होती ती, बाळा.

मॅनेजरसरांना आजच फोन कर. जोडीदार कोण ते कळव. रॅकेटचं गटिंग तुटलं असेल तर दादाला मागू नकोस, आत्या पैसे पाठवते. आणि जेवून खेळायला जात जा.

तुझी,
आत्या