रेल्वे कंपनी खाऊ का विकते?

प्रश्न : मुलीकडे जपानला गेलो होतो, तेव्हा तिने आम्हाला चोशी नावाच्या गावी नेलं. तिथे दोन डब्यांची एक जुनी विजेची गाडी आहे. तिच्या स्टेशनात तांदळाच्या मऊ चकत्यांची पाकिटं विकायला होती आणि ती रेल्वे कंपनीच विकते असं कळलं. रेल्वेला हा उद्योग का करावा लागतो? आणि प्रवासी पुरत नसतील तर हा मार्ग बंद का करत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही पाहिलीत ती चोशी इलेक्ट्रिक रेल्वे. तोक्योच्या पूर्वेला, चिबा प्रांताच्या टोकाशी, तोने नदी समुद्राला मिळते तिथे चोशी वसलं आहे. जपानमधल्या मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होते आणि सोया सॉसचे कारखाने तिथे सतराव्या शतकापासून आहेत. मुख्य रेल्वेच्या चोशी स्टेशनातल्या फलाटाच्या एका टोकाहून ही छोटी गाडी निघते आणि कोबीच्या शेतांमधून, इनुबोसाकी दीपगृहाजवळून तोकावा या कोळ्यांच्या वस्तीपर्यंत जाते. एकूण ६.४ किलोमीटर, दहा स्टेशनं आणि वीसेक मिनिटांचा प्रवास.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं, की एवढ्या मार्गाची निगा राखायला तिकिटांचे पैसे पुरत नाहीत. ती तूट खाऊ भरून काढतो. खाऊ आणि इतर वस्तूंची विक्री हेच आज कंपनीच्या उत्पन्नाचं मोठं साधन आहे, तिकिटं त्याच्या मागे.

असं का होतं? बस चालवणाऱ्याला रस्ता आयता मिळतो. रेल्वे कंपनीला रूळ, स्लीपर, खडी, पूल, वरची वीजवाहक तार, वीज उपकेंद्र, सिग्नल, फाटकं हे सगळं स्वतःच सांभाळावं लागतं. डब्यात चार माणसं असोत की चारशे, पावसाने लाकडी स्लीपर कुजायचे थांबत नाहीत. शिवाय ठरावीक मुदतीने प्रत्येक डबा उघडून चाकं, ब्रेक, मोटर तपासायची कायदेशीर सक्ती आहे. प्रवासी निम्मे झाले म्हणून हा खर्च निम्मा होत नाही. चोशीची लोकसंख्या १९६० च्या दशकात नव्वद हजारांच्या घरात होती, २०२० च्या जनगणनेत ती साठ हजारांच्याही खाली आली. त्यातून घरोघरी मोटारी आल्या. उत्पन्न आटलं, खर्च तेवढाच राहिला.

हा पेच नवा नाही. इथे पहिली गाडी १९१३ मध्ये सुरू झाली आणि चारच वर्षांत बंद पडली. पहिल्या महायुद्धामुळे लोखंड महागलं होतं, आणि गाडी चालवण्यापेक्षा रूळ विकणं फायद्याचं ठरलं. १९२३ मध्ये एका नव्या कंपनीने त्याच वाटेवर पुन्हा गाडी सुरू केली. १९२५ मध्ये तिने मार्गावर वीज आणली. ६०० व्होल्टची ही व्यवस्था ट्रामच्या जातीची आहे.

जोडधंदा सुरू झाला १९७६ मध्ये, कान्नोन स्टेशनात. तिथे कंपनी ताइयाकी, म्हणजे गोड सारण भरलेले माशाच्या आकाराचे केक, भाजून विकू लागली. तुम्ही पाहिलेल्या चकत्या १९९५ पासूनच्या. त्यांना ‘नुरे सेन्बेइ’ म्हणतात. एरवी सेन्बेइ कुरकुरीत असतो. चोशीत तो भाजून काढल्याबरोबर, गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवतात. सॉस आतपर्यंत मुरतो, आणि चकती मऊ, किंचित चिवट, खारट-गोडसर होते. हा प्रकार चोशीचाच, गावातल्या एका दुकानातून आलेला. रेल्वेने तो उचलला आणि दूरवर पोहोचवला.

२००६ मध्ये मात्र कंपनी बुडायच्या बेतात आली. तिच्या माजी अध्यक्षाने कंपनीच्या नावावर कर्ज काढून पैशांचा अपहार केल्याचं उघड झालं आणि सरकारी अनुदान थांबलं. डब्यांच्या सक्तीच्या तपासणीसाठी पैसे उरले नाहीत. तपासणी झाली नाही तर डबे रुळांवर आणता येत नाहीत, मग वेळापत्रक कितीही नीट असो. तेव्हा नोव्हेंबरमध्ये कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर सरळ शब्दांत विनंती केली : आमचे सेन्बेइ विकत घ्या, गाडीच्या दुरुस्तीचे पैसे आम्हाला कमवायचे आहेत. देशभरातून एवढ्या ऑर्डर आल्या की माल पाठवता पाठवता दमछाक झाली. त्या पैशांतून तपासणी झाली आणि गाडी धावत राहिली.

मला या हकिकतीत मोलाची वाटते ती त्या विनंतीची नेमकी भाषा. जुन्या आठवणींना हात घालून देणगी मागता आली असती. त्यांनी वस्तू दिली, किंमत घेतली आणि पैसा कुठे जाणार ते सांगितलं. विकत घेणाऱ्याला कळलं की आपले येन थेट चाकांच्या तपासणीत जात आहेत.

पुढे २०१२ मध्ये काट्सुनोरी ताकेमोतो हे करसल्लागार अध्यक्ष झाले. त्यांनी गाडी चालवण्याचा परवानाही मिळवला. २०१५ पासून स्टेशनांच्या नावांचे हक्क वर्षावर्षाने पुरस्कर्त्यांना देणं सुरू झालं, उन्हाळ्यात भुतांच्या देखाव्यांची गाडी निघू लागली. २०१८ मध्ये मक्याच्या खाऊची भर पडली आणि २०२० मध्ये कंपनीने चित्रपटही काढला. २०१४ च्या जानेवारीत एक गाडी रुळांवरून घसरली, तेव्हा डब्याच्या दुरुस्तीसाठी गावातल्या वाणिज्य शाळेच्या मुलांनी इंटरनेटवरून वर्गणी गोळा केली. गाव या मार्गाला आपला मानतं, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकणार नाही.

कंपनी खर्चातही हात राखून असते. तुम्ही पाहिलीत तशा दोन डब्यांच्या गाड्यांपैकी काही साठेक वर्षांपूर्वी तोक्योच्या केइओ रेल्वेसाठी बांधल्या गेल्या, मग शिकोकू बेटावरच्या मात्सुयामात धावल्या आणि २०१० मध्ये इथे आल्या. चोशी हे त्यांचं तिसरं सासर. मार्ग एकेरी आहे. समोरासमोरच्या गाड्या फक्त कासागामी-कुरोहाए स्टेशनात एकमेकींना ओलांडू शकतात. तिथे कर्मचारी फलाटावर उभा राहून चालकाकडून एक टोकन घेतो आणि पुढच्या टप्प्याचं दुसरं त्याच्या हाती देतो. हाती टोकन नसेल तर गाडी पुढे जात नाही. त्या टप्प्याचं टोकन एका वेळी एकाच चालकाकडे असल्याने दोन गाड्या समोरासमोर येण्याचा धोका टळतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बंद का करत नाहीत? २००० च्या मार्चपासून जपानमध्ये एक वर्ष आधी सूचना देऊन कंपनीला मार्ग बंद करता येतो, परवानगी लागत नाही. म्हणजे चोशीची गाडी कुणाच्या सक्तीने चालत नाही. शाळकरी मुलं आणि मोटार न चालवणारी वयस्कर माणसं तिच्यावर विसंबून आहेत. इनुबोसाकीचं १८७४ चं दीपगृह पाहायला पर्यटकही तिच्या गाड्यांनी येतात आणि गावात चार पैसे खर्च करतात. रूळ एकदा उखडले की पुन्हा घालणं अशा कंपनीच्या आवाक्यातलं राहत नाही. म्हणून ती आजचा दिवस निभावण्यासाठी खाऊ विकते.

हा उपाय सगळ्यांना लागू पडेल असं मात्र नाही. चोशीला सोया सॉस, समुद्र आणि तोक्योचं दोनेक तासांचं अंतर लाभलं आहे. आणि कितीही सेन्बेइ खपले तरी गावातली माणसं कमी होणं त्याने थांबत नाही. पुन्हा जाणं झालं तर खाऊ जरूर घ्या, पण दिवसभराचा पास घेऊन तोकावापर्यंत प्रवासही करा. सेन्बेइ घरबसल्या मागवता येतात. मार्ग चालू ठेवण्याचं कारण त्यावरून जाणारी माणसंच देऊ शकतात.