‘आधी कॉम्प्युटर, मग आकाश’ म्हणणाऱ्या आईबाबांना

प्लस टूचा निकाल लागला की चेन्नईच्या अण्णा नगरातल्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तोच. ‘मुलाला आकाशाचं वेड आहे, पण कट-ऑफ चांगला आलाय. आधी कॉम्प्युटर सायन्स करू दे, आकाश नंतर बघता येईल ना?’

नाही. हे ‘नंतर’ नेमकं कधी, ते तुम्हालाही ठाऊक नसतं.

अण्णा नगरात राहून असं वाटणं साहजिक आहे. खाली उतरलं की नीटचे, जेईईचे, आयएएसचे क्लास आणि फलकावर रँकवाल्यांचे फोटो. पण याच मद्रासेत शंभर वर्षांपूर्वी सरकारी हिशेब खात्यातल्या एका वडिलांना मुलानं आयसीएस व्हावं असं वाटत होतं. मुलगा प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकला आणि १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर गणितं मांडत बसला. श्वेतबटूच्या, म्हणजे इंधन संपलेल्या छोट्या ताऱ्याच्या, वजनाला मर्यादा असते, हे त्या गणितातून निघालं. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर कलेक्टर झाले असते तर एखाद्या जिल्ह्याचं भलं झालं असतं, एवढंच.

ती मर्यादा पुस्तकात पडून राहिलेली नाही. देवयानी दीर्घिकेत एक नवतारा आहे, ‘एम३१एन २००८-१२ए’. तिथला श्वेतबटू शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो, थर साचतो, तापतो आणि भडकतो. इतर नवताऱ्यांना पुन्हा भडकायला बहुधा हजारो वर्षं लागतात. हा जवळजवळ दरवर्षी भडकतो, कारण त्यातला श्वेतबटू त्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचलाय. भडकल्यावर चार-दोन दिवसांत मंदावतो, त्यामुळे त्याच्यावर पाळत ठेवावी लागते. लडाखमधल्या हानले इथं ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ ही स्वयंचलित दुर्बीण आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी ती मिळून उभारली. २०१८ मध्ये ती सुरू झाली, आणि त्याच नोव्हेंबरात या ताऱ्याचा भडका टिपणं हे तिच्या पहिल्या कामांपैकी एक होतं.

हे काम चालतं कसं, ते मुलांना नीट सांगा. आज रात्रीच्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो वजा करायचा. उरतील ते ठिपके तपासायचे. त्यातले बहुतेक खोटे: कुठे लघुग्रह, कुठे वैश्विक किरणाचा ओरखडा, कुठे कॅमेऱ्याचा दोष. एखादा खरा निघाला की त्याचा वर्णपट घ्यायचा. हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर प्रकार दोनचा सुपरनोव्हा. त्या नसून सिलिकॉनचा खळगा दिसला तर प्रकार एक-ए, म्हणजे फुटलेला श्वेतबटू. मग रोज तेज मोजत आलेख काढायचा. आता सांगा, यात कॉम्प्युटर कुठे नाही? आधी-नंतरचा तुमचा हिशेबच चुकलाय. प्रोग्रॅमिंग भौतिकशास्त्र शिकता शिकता जमतं. नोकरीला लागल्यावर पुंजभौतिकी शिकायला बसलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी उभ्या केलेल्या ‘झ्विकी’ या पॅलोमार वेधशाळेतल्या सर्वेक्षणाने दहा हजारांवर सुपरनोव्हांचं वर्गीकरण केलंय. (आयटीतल्या पालकांसाठी: हे सुधा मूर्तींचे धाकटे भाऊ. त्यांनी आयआयटी दिल्लीतून भौतिकशास्त्रच केलं.)

वाटा थोडक्यात. बारावीनंतर आयसर, नायसर किंवा चांगल्या कॉलेजातलं साधं बीएस्सी फिजिक्स. बीएस्सी केलं तर मग जॅम ही परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे पीएचडीसाठी जेस्ट किंवा आयुकाची परीक्षा. इंजिनिअरिंगहूनही पीएचडीला येता येतं; मुलानं स्वतः ते निवडलं असेल तर माझी हरकत नाही.

आता कडू भाग. पीएचडीला पाच-सहा वर्षं, नवीन संशोधकाला महिना ३७,००० रुपये फेलोशिप, पुढे परदेशात दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा. कायमच्या जागा मोजक्या. तिशी उलटेपर्यंत ‘पॅकेज किती?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला घरात उत्तर नसणार. हे झेपणार नसेल तर आजच स्पष्ट बोला, पण ते ‘माझ्याच्यानं झेपत नाही’ असं बोला. ‘तुला जमणार नाही’ हे वाक्य मुलावर ढकलू नका. पैशाची खरी अडचण असेल तर तसं सांगा. मुलं ते समजून घेतात. खोटं कारण मात्र ती विसरत नाहीत.

आणि वेड खरं आहे का, हे हजारो रुपयांच्या ‘स्पेस कॅम्प’नं कळत नाही. १९ मे २०२३ ला एम१०१ दीर्घिकेतला सुपरनोव्हा पहिल्यांदा पाहिला तो जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी. तुमच्या मुलाला दुर्बीणही नको. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर ‘किलोनोव्हा सीकर्स’ हा फुकटचा प्रकल्प आहे, त्यात नवे-जुने फोटो ताडून पाहायचे असतात. सुट्टीभर रोज तासभर करू दे. दहाव्या दिवशी कंटाळला तर कॉम्प्युटर सायन्सचा फॉर्म भरा, माझा काही आग्रह नाही. पण पावसाळ्यातही ‘आज नवीन फोटो आले का’ म्हणून लॅपटॉप मागत असेल, तर क्लासचा दुसरा हप्ता भरायच्या आधी मला फोन करा. आणि फोन मुलाच्या हातात द्या.