एका आकड्यावर निर्णय नको : घरी मोजलेल्या रक्तशर्करेचा अर्थ

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही आता अनेक घरांत ग्लुकोमीटर आले आहे. यंत्र आकडा दाखविते. त्याचा अर्थ मात्र आपणासच लावावा लागतो. तो कसा लावावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक वैद्य नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु स्वतः मधुमेही आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतो. निदानानंतर पहिली दोन वर्षे मी केवळ सकाळी उपाशीपोटी साखर तपासत असे. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले असेल, तर तपासणी टाळत असे. वहीतील आकडे देखणे होते, सरासरी १२६. त्यानंतर डॉक्टरांनी एचबीएवनसी ही तपासणी केली. ती ८.६ टक्के आली. मागील दोन ते तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी ही तपासणी म्हणजे एक प्रकारचे लेखापरीक्षणच होय. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४ आणि ८.६ टक्के म्हणजे सुमारे २००. माझी वही १२६ सांगत होती व रक्त २००. हा ७४ चा फरक न लिहिलेल्या नोंदींत दडलेला होता. आयुष्यभर इतरांच्या हिशेबातील त्रुटी काढणाऱ्याने स्वतःचाच हिशेब खोटा लिहिला होता, आणि त्याची किंमत डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांना मोजावी लागली असती.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात उपाशीपोटीची साखर बरी असूनही जेवणानंतरची साखर बरीच वाढलेली असू शकते. म्हणून नोंद जोडीने करावी : एक जेवणापूर्वी व दुसरी पहिल्या घासापासून दोन तासांनी. बहुसंख्य प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० व जेवणानंतर १८० च्या आत, असे उद्दिष्ट सामान्यतः मानले जाते. वयोवृद्ध, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि ज्यांची साखर वारंवार उतरते असे रुग्ण यांच्यासाठी डॉक्टर ही मर्यादा शिथिल ठेवतात. आपली मर्यादा त्यांच्याकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी.

जोडीची नोंद काय शिकविते, ते पाहा. एका रात्री जेवणापूर्वी माझी साखर १३२ होती. वरण व दोन ताटल्या भात खाल्ल्यावर ती २२४ झाली. दुसऱ्या रात्री एक ज्वारीची भाकरी, भरपूर पालेभाजी, अर्धी वाटी भात व त्यानंतर अंगणात फेऱ्या, असे केले. १२८ वरून १७२. हा धडा कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक पटला. मात्र आकड्याशेजारी वेळ, आहार, औषध व श्रम यांची नोंद हवी. तपशिलावाचून रक्कम निरर्थक असते.

रात्री काही न खाताही सकाळी साखर वाढलेली दिसते, अशी अनेकांची तक्रार असते. पहाटे शरीरातील काही संप्रेरकांमुळे यकृत रक्तात साखर सोडते, त्यामुळे असे घडू शकते. त्यात रुग्णाचा दोष असतोच असे नाही.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० व त्यावरील वाचनात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. म्हणजे खरी साखर २०० असता यंत्र १७० किंवा २३० दाखवू शकते. काल १४८ व आज १५६, यावरून हर्ष वा खेद नको. आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटाने तपासल्यास आकडा खोटा वाढतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो. पत्र्याखाली किंवा उन्हातील गाडीत पट्ट्या खराब होतात. रक्तक्षय असल्यास ग्लुकोमीटरचा आकडा प्रत्यक्षाहून जास्त येऊ शकतो, तर रक्तक्षय व सिकलसेलमध्ये एचबीएवनसीही फसवी ठरू शकते. याची कल्पना डॉक्टरांना द्यावी.

साखर ७० च्या खाली जाणे हा तातडीचा प्रसंग होय. घाम, थरथर, भोवळ, भ्रम ही त्याची लक्षणे. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, त्वरित रुग्णालयात आणावे. श्रावणी सोमवारी उपवास करून औंढा नागनाथाच्या दर्शनास जाणाऱ्यांनी, तसेच हळद काढणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्यांनी इन्सुलिन व गोळ्यांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. उपवासाच्या साबुदाण्याने साखर झपाट्याने वाढते, हेही विसरू नये.

एक आकडा वाढला म्हणून स्वतःहून जादा गोळी घेऊ नये. एक चांगला आला म्हणून औषध सोडू नये. साखर वारंवार ३०० च्या वर जात असेल, किंवा वाढलेल्या साखरेसोबत उलट्या, धाप वा ग्लानी असेल, तर मात्र विलंब करू नये.

पट्ट्या महाग आहेत, याची जाणीव आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तपासावे. केवळ गोळ्यांवर असलेल्या व प्रकृती स्थिर असलेल्या अनेकांना रोज तपासण्याची गरज नसते. तपासणीला येण्यापूर्वी तीन-चार दिवस वेगवेगळ्या जेवणांच्या जोड्या नोंदविल्या, तरी डॉक्टरांना उपयुक्त माहिती मिळते.

वाईट आकडा लिहिण्यात कमीपणा नाही. डॉक्टर वही पाहतात ती गुण देण्यासाठी नव्हे, तर उपचार ठरविण्यासाठी. तेव्हा पुढील भेटीस येताना वही अवश्य आणावी, आणि ती खरी असावी, एवढीच नम्र विनंती.