ज्ञात्यास प्रश्न कसा विचारावा

संशोधनास प्रयोगशाळा व विद्वानांचा सहवास लागतो, आणि तो खेड्यातील शिक्षकाच्या वाट्यास येत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती सर्वस्वी खरी नाही, हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

सन २००७ मध्ये ‘गॅलॅक्सी झू’ हा उपक्रम सुरू झाला. स्लोन आकाशसर्वेक्षणातील लक्षावधी दीर्घिकांची छायाचित्रे आंतरजालावर ठेवून, आकारावरून त्यांचे वर्गीकरण करण्याचे आवाहन सर्वसामान्य लोकांना करण्यात आले. नेदरलँड्समधील शाळाशिक्षिका हॅनी फान आर्केल हे काम करीत असता, एका दीर्घिकेशेजारी त्यांना निळसर डाग दिसला. त्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. उपक्रमाच्या चर्चामंडळात तो दाखवून, हे काय असावे, असा सरळ प्रश्न विचारला.

खगोलशास्त्रज्ञांपाशीही तयार उत्तर नव्हते. त्यांनी मोठ्या दुर्बिणींतून निरीक्षणे केली. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने उजळलेला तो प्रचंड वायुमेघ असावा, असे अनुमान निघाले. सन २००९ मध्ये यावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत या शिक्षिकेचेही नाव आहे, आणि निबंधाच्या शीर्षकाअखेर प्रश्नचिन्ह आहे. तज्ज्ञांनी आपले अनुमान अनुमान म्हणूनच मांडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यावरून शिक्षकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. प्रश्न विचारण्यापूर्वी उपलब्ध पुस्तके व पूर्वी झालेली चर्चा पाहावी.

२. प्रश्न एकच व नेमका असावा. काय पाहिले, केव्हा व कोठे पाहिले, हे सांगावे; शक्य तर चित्र जोडावे.

३. चर्चेत बोलणारा प्रत्येक जण तज्ज्ञ नसतो. उत्तर देणाराचा अभ्यास कोणता व त्याच्या विधानास आधार काय, हे विचारावे आणि तो आधार स्वतः ताडून पाहावा.

४. मिळालेले उत्तर तारखेसह टिपून ठेवावे. लेखनात त्याचा उपयोग केल्यास सांगणाराचा नामनिर्देश अवश्य करावा.

वर्गात एखादे मूल अनपेक्षित प्रश्न विचारते, तेव्हा काहीतरी उत्तर देऊन त्यास गप्प बसविण्याचा मोह होतो. “मला ठाऊक नाही, आपण जाणत्यास विचारू,” असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होत नाही. उलट, प्रश्न विचारण्यात लाज नाही, हा धडा मूल त्याच्याकडूनच शिकते.