उत्तरकथा आणि रहस्याची उकल

पूर्वकथेत राखून ठेवलेले रहस्य उत्तरकथेने उलगडावे, ही वाचकाची रास्त अपेक्षा असते. परंतु प्रतीक्षा दीर्घ असेल तर कोणतेही उत्तर अपुरे वाटते. या पेचाचा विचार येथे एका संगणकीय साहसखेळाच्या आधारे करावयाचा आहे.

पडद्यावरील वस्तूंवर माऊसची टिचकी मारीत, पात्रांशी बोलत, कोडी सोडवीत कथा पुढे न्यावयाची, हा या खेळप्रकाराचा घाट. रॉन गिल्बर्ट यांच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) या खेळाच्या नावातच रहस्य होते. ते उलगडले मात्र नाही. १९९१ च्या दुसऱ्या भागाअखेरीस समुद्री चाचा गायब्रश आणि त्याचा वैरी लेचक हे अचानक करमणूक उद्यानातील लहान मुले म्हणून दिसले. पुढील भागांची सूत्रे इतरांकडे गेली. गिल्बर्ट परतले ते २०२२ मध्ये, डेव्ह ग्रॉसमन यांच्यासह ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ घेऊन.

या उत्तरकथेचा आरंभ त्याच उद्यानात होतो. पण ती मुले म्हणजे गायब्रशचा मुलगा व त्याचा सवंगडी असल्याचे कळते. पुढील सारी कथा बाप मुलाला सांगतो आहे. रहस्याच्या पेटीत अखेर निघतो एक टी-शर्ट, आणि खेळणाऱ्याच्या निवडीनुसार शेवट बदलतो. अनेकांना ही फसवणूक वाटली. प्रस्तुत लेखकास मात्र येथे भारतीय कथनपरंपरेतील एका जुन्या युक्तीचे स्मरण होते.

वेताळाच्या कथांत प्रत्येक कथेअखेर कोडे असते. राजाने अचूक उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडावर जातो. अखेरच्या प्रश्नाला राजा निरुत्तर होतो, आणि तेव्हाच फेरा संपतो. अर्थात, उत्तरे कथेला चालती ठेवतात. पूर्णता येते ती मौनाने. गिल्बर्ट यांनी उत्तर हलके करून भार सांगणारा व ऐकणारा यांच्या नात्यावर टाकला, तो याच न्यायाने.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ (२०२०) या खेळातही दुर्गा व विष्णू हे निवेदक आहेत. तेव्हा निवेदक-श्रोता संबंधाच्या अभ्यासकाने ही नवी संहिता केवळ करमणूक म्हणून वगळणे योग्य ठरणार नाही. उत्तरकथेचे मूल्यमापन करताना ‘रहस्य काय निघाले?’ याआधी ‘ते कोण कोणास सांगतो आहे?’ हे विचारणे अगत्याचे आहे.