पटसंख्या कशी वाचावी? – शिस्तशाळेचे एक उदाहरण

शाळेची पटसंख्या म्हणजे त्या शाळेत वर्षभरात शिकून गेलेल्या मुलांची संख्या नव्हे. हा भेद अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शिस्तशाळांवरून चांगला समजतो. 1995 च्या कायद्यान्वये तेथील प्रत्येक शालेय जिल्ह्यास गैरवर्तनाबद्दल वर्गाबाहेर काढलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी शिक्षणव्यवस्था ठेवावी लागते. सहा वर्षांखालील बालकास तेथे पाठविता येत नाही. मूल ठराविक मुदतीपुरते येते व मुदत संपताच सामान्यतः मूळ शाळेत परत जाते.

राज्यात पटाची शरद ऋतूतील नोंद ऑक्टोबरमधील अखेरच्या शुक्रवारची असते. समजा, त्या दिवशी एका लहान शिस्तशाळेच्या पटावर 12 मुले आहेत. कामाचे दिवस 180 व प्रत्येक मुलाची मुदत 30 दिवस धरली आणि पट कायम 12 राहिला, तर वर्षात 72 मुले तेथून जातील. नोंद मात्र 12 चीच राहील. शिवाय 12 मुलांत एका मुलाने शेकडा 8 चा फरक पडतो. म्हणून एकाच वर्षाच्या शेकडेवारीवरून अनुमान काढू नये.

अनेक वर्षांच्या नोंदी जुळविणारी पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. तीत राज्यातील सातवीच्या सुमारे दहा लक्ष मुलांच्या किमान सहा वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. शेकडा 60 च्या जवळपास मुले एकदा तरी वर्गाबाहेर काढली गेली होती. कायद्याने शिक्षा अनिवार्य असलेली प्रकरणे अवघी शेकडा 3 होती. बाकीचा निर्णय शाळेच्या मर्जीवर होता. असा निर्णय कृष्णवर्णीय मुलग्यांपैकी शेकडा 83, तर गोऱ्या मुलग्यांपैकी शेकडा 59 जणांवर एकदा तरी झाला. इतर अनेक बाबी समान धरूनही वर्णानुसार फरक उरलाच. तात्पर्य, शिस्तशाळेचा पट मुलांच्या वर्तनाइतकाच पाठविणाऱ्यांच्या दृष्टीचाही आरसा असतो.

भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही. तथापि नाव पटावर राहूनही मूल व्हरांड्यात उभे राहू शकते. वर्गाबाहेर कोणास, किती वेळा व कोणत्या कारणासाठी पाठविले, याची साधी नोंद शिक्षकाने महिनाभर ठेवावी. तीच ती नावे पुन्हा पुन्हा आढळल्यास प्रथम मुलाची नव्हे, तर आपल्या निर्णयाची तपासणी करावी.