भोक आधी, बिजागर नंतर

अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्याला स्वतःची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला सोडावी लागते. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने. म्हणून सोयगाव तालुक्याच्या आमच्या या टोकाला मुक्कामाच्या जागेला मागणी असते. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यानंतर आम्ही जीपमागे ओढायची फायबरची एक जुनी कॅराव्हॅन विकत घेतली. पहिल्याच पावसाळ्यात पलंगाखालचं प्लायवूड फुगलं. छत आणि भिंती धडधाकट दिसत होत्या, पाणी कुठून येतंय ते कळेना.

दाराचं बिजागर उघडलं तेव्हा उलगडा झाला. आधी ज्याने कुणी दुरुस्ती केली होती, त्याने साधे लोखंडी स्क्रू थेट फायबरमध्ये पिळले होते आणि कडेने न्हाणीघराचं सिलिकॉन फासलं होतं. स्क्रू गंजून झिजले, गाडीच्या हादऱ्यांनी भोकं मोठी झाली आणि सिलिकॉनच्या पापुद्र्यामागून पाणी लाकडात उतरत राहिलं.

पाणी भोकांतूनच का शिरतं, ते अशा गाड्यांच्या घडणीवरून कळतं. कॅनडातल्या विनिपेगला रे ओलेको यांनी १९६८ मध्ये ‘बोलर’ नावाची छोटी फायबर कॅराव्हॅन आणली. त्याआधी त्यांनी फायबरची सेप्टिक टाकी केली होती आणि घडण त्याच विचाराची: साच्यातून निघालेली दोन कवचं, एक वरचं, एक खालचं, मधोमध जोडलेली. पत्र्याच्या गाडीत असतात तसे जागोजागी सांधे इथे नाहीत. त्यामुळे पाण्याला वाट मिळते ती मुख्यतः खिडक्या, झरोका, दिवे आणि बिजागरं यांच्यासाठी आपण पाडलेल्या भोकांतून. जुना भाग काढून नवा बसवला की काम झालं असं समजणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की भोक नीट केलं नाही, तर महागातला महाग भागसुद्धा दोन पावसाळ्यांत गळायला लागेल.

जुना भाग काढला की आधी आजूबाजूची भिंत स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा, बाजारात मडकं वाजवून घेतो तशी. आवाज बद्द आला तर आतलं लाकूड ओलं किंवा कुजकं आहे. ते पूर्ण वाळल्याशिवाय काहीही बुजवू नका. ओल आत कोंडली की कुजणं थांबत नाही. आम्ही हे काम दिवाळीनंतर काढलं. उन्हाळ्यात लाकूड लवकर वाळतं हे खरं, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि तेव्हा हार्डनर घातलेलं रेझिन वाटीतच घट्ट होतं.

सिलिकॉन काढणं हा सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि सर्वांत महत्त्वाचाही. त्याचा अदृश्य थर राहिला तरी त्यावर रेझिन, रंग, नवं सीलंट काहीच धरत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग सिलिकॉन काढायच्या द्रावणाने पुसा. ॲक्रिलिकच्या खिडकीला मात्र थिनर लागू देऊ नका, तिला बारीक तडे जातात. सैल झालेली भोकं साफ करून काचतंतूंचा चुरा घातलेल्या इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर नवीन भोक पाडा. भोकाच्या जागी चिकटपट्टी लावून ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवलं तर वरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, उडत नाही.

शेंदुर्णीचे एक मिस्त्री मदतीला होते. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, “भाऊ, तोंडाला मास्क अन् अंगात पूर्ण बाह्या. ही धूळ काचेची आहे.” पॉलिएस्टर रेझिन वापरणाऱ्यांसाठी माझी एक भर: हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट करणारं कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. दोन्ही रेझिनमध्येच, एकामागून एक, नीट ढवळून घालायचे. हार्डनर डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. जिथे शक्य आहे तिथे स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि आतून रुंद पट्टी द्या, कारण फायबरचा पातळ पत्रा स्क्रूचे आटे फार काळ धरून ठेवत नाही. भागाखाली ब्यूटाइल टेप लावा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकदम आवळले तर टेप सगळी बाहेर येते. काही दिवसांनी टेप बसते, तेव्हा पुन्हा एक हलका पीळ द्या. बाहेरून वरची कड आणि दोन्ही बाजू पॉलियुरेथेन सीलंटने बंद करा, खालची कड मोकळी ठेवा. चुकून पाणी आत गेलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी. खिडकीचं रबर ईपीडीएमचंच मागा. साधं रबर आमच्या उन्हात कडक होऊन तडकतं.

मागच्या दिव्यांचं वेगळं. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वायरिंग करणाऱ्याला लोखंडी सांगाड्यातून अर्थिंग घ्यायची सवय असते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला निगेटिव्हची स्वतंत्र वायर सांगाड्यापर्यंत किंवा जोडणीच्या प्लगपर्यंत न्यावी लागते. अजिंठ्याच्या घाटात रात्री ट्रकच्या पुढे उतरताना ब्रेकचा दिवा लागलाच पाहिजे.

सगळं झाल्यावर पाण्याची चाचणी घ्या. पाइपने साधी धार, जोर नको. खालच्या भागांपासून सुरुवात करून हळूहळू वर जा; वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि नेमकं कोणतं भोक गळतंय ते सापडत नाही. आत टॉर्च घेऊन एक माणूस बसवा, आणि झरोक्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबा.